सही मी नाकारली

४ जून

प्रिय शंकाबाई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच ठेवून दिलं असतंस, म्हणून पत्ता टाइप केला. पत्ता मावशीच्या मुलीकडून घेतला. तिने तीनदा विचारलं, "पत्रच का? फोन कर की सरळ." मी म्हटलं, फोनवर ती 'हॅलो' म्हणेल आणि माझी दातखीळ बसेल. शिवाय पत्रात तुला मला मधेच तोडता येत नाही.

मी कचेरी बंद करतेय. कोर्टासमोरची ती झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, तू दोनदाच आली होतीस. जिना तसाच अरुंद आहे, 'भाषांतरे करून मिळतील' ही पाटीही तीच आहे, फक्त 'करून' मधला 'रू' उडालाय. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक अक्षर वाचणं आता पुरे. जन्माचे दाखले, गुणपत्रिका, मृत्युपत्रं, घटस्फोटाचे अर्ज, सगळ्याच्या स्थळप्रती चार कपाटं भरून आहेत. लोकांचे संसार मी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवले. आता कागद फाडायला बसले की वाचतच बसते, फाडणं होत नाही.

आणि मग बाबांची आठवण येते. छापखान्यातून यायचे ते बोटांना शाई लावूनच. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून माणसाचं पोट भरावं की नाही? पण नाही. हातपाय धुतले की टेबलाशी हाक, "चला, जोड्या!" मराठीत एक शब्द, इंग्रजीत त्याला दोन-तीन. फरक आपण सांगायचा, पण बाबांना नाही, आईला. आईला एबीसीडी येत नव्हती, म्हणूनच ती पंच. तिला कळलं तर गुण, नाही तर भोपळा. बाबा म्हणायचे, "जिला येत नाही तिला समजलं, तरच तुम्हाला आलं."

'बघणे' आठवतं? सी, लुक, वॉच. मी ऐटीत सांगितलं, सी म्हणजे आपोआप दिसतं ते, लुक म्हणजे मुद्दाम नजर टाकणं, वॉच म्हणजे लक्ष ठेवून बघत राहणं. आई शर्टाची काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "कळलं. म्हणजे हे घरी आल्यापासून माझ्याकडे चारदा लुक करून झाले, पण मी केस कापून आलेय ते काही यांना सी झालं नाही." बाबांचा चेहरा असा पडला की आपण दोघी टेबलाखाली शिरून हसलो. मला पूर्ण गुण मिळाले.

तू मात्र टेबलाखालूनच विचारलंस, "पण आरशात आपण लुक करतो की सी करतो?" बाबा विचारात पडले. म्हणाले, "ही शंकाबाई माझी नोकरी घालवणार." त्या दिवसापासून तुझं नाव पडलं. मी उत्तरं पाठ करायचे आणि तू प्रश्न काढायचीस. गुण मला जास्त मिळायचे, लाड तुझे व्हायचे. मला याचा राग यायचा. हे तुला कधी बोलले नाही, आज बोलून टाकते.

कपाटाच्या खालच्या खणात एक फाइल सापडली. तुझी आहे. तिच्याबद्दल लिहायचं आहे, पण आज कागद संपला.

(संपलेला नाही. मागची बाजू कोरी आहे, ती तुला दिसतेच आहे.)

तुझी,
ताई

१९ जून

प्रिय शंकाबाई,

पंधरा दिवस झाले. तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे ते तुझ्या घरात कुठेतरी आहे, आणि सध्या मला तेवढं पुरे.

कालपासून 'उसने' डोक्यात घोळतंय. बॉरो आणि लेंड. मराठीत उसनं घेतो आणि उसनं देतो, इंग्रजीत घेणाराचं क्रियापद वेगळं आणि देणाराचं वेगळं. ती जोडी तुझ्या वाट्याला आली होती. तू आठ-नऊ वर्षांची असशील. तू आईला सांगितलंस, "शेजारच्या काकू आपली शिडी नेतात ते बॉरो. आपण देतो ते लेंड." आई म्हणाली, "आणि महिन्याने मीच ती डोक्यावर घेऊन परत आणते, त्याला काय म्हणतात?" बाबांनी डिक्शनरी बंद करून ठेवली. म्हणाले, "त्याला शेजार म्हणतात." खेळ त्या दिवशी तिथेच थांबला, कारण काकू दारातच उभ्या होत्या.

बघ, फाइल उघडायची म्हटली की माझी गाडी शिडीवर जाते. आज उघडतेच. तू सगळं भोगलंस, तुला सांगायची गरज नाही. तरी मला एकदा क्रमाने लिहू दे, कारण मी हे कधीच क्रमाने लिहिलेलं नाही.

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तुझ्या नोकरीचं तेव्हा चौदावं वर्ष होतं. उत्तरेकडच्या टाकीचं पाणी तू दोनदा तपासलंस, दोन्ही वेळा जंतू निघाले. तुमच्या प्रमुखांनी 'पिण्यास योग्य' असा अहवाल टाइप करून तुझ्यापुढे ठेवला. तो मंगळवार होता. तू सही केली नाहीस. बुधवारी त्याच कागदावर, तुझ्या नावाच्या रकान्यात, बुधवारचीच तारीख घालून कोणीतरी एक वेटोळं काढलं. पुढच्या आठवड्यात त्या भागातली घरंच्या घरं जुलाबांनी आडवी झाली आणि तो कागद बाहेर आला. प्रमुख हात झटकून मोकळे झाले. सही तुझ्या रकान्यात, म्हणून तू दोषी.

चौकशी समिती वरच्या कचेरीची होती. सगळं कामकाज इंग्रजीत चालायचं. तू तुझं निवेदन मराठीत लिहिलंस, दीड पानाचं. मुद्दा एकाच वाक्यात होता: 'मंगळवारी दुपारी साहेबांनी अहवाल पुढे केला तेव्हा सही मी नाकारली.' भाषांतराला प्रमाणित शिक्का लागणार होता. मला परवाना मिळून अडीच महिने झाले होते. शिक्क्याच्या रबराला नवेपणाचा वास होता. बाहेरच्या कोणाकडे कशाला जायचं, घरात ताई आहे की, असं आई म्हणाली. तू हसलीस.

ते वाक्य मी इंग्रजीत कसं लिहिलं ते तुला माहीत आहे. फाइलमध्ये माझी स्थळप्रत आहे, खाली माझी सही आणि शिक्का. कागद पिवळा पडलाय, पण शिक्का अजून ठसठशीत आहे.

आज इतकंच. खरंच इतकंच, आज मागची बाजूही भरली.

तुझी,
ताई

२ जुलै

शंके,

आता आडवळण नको.

मी लिहिलं होतं, 'आय डिनाइड द सिग्नेचर.' लिहायला हवं होतं, 'आय रिफ्यूज्ड टू साइन.'

आई आज असती तर तिला मी असं सांगितलं असतं: समोर ठेवलेला लाडू 'नको' म्हणणं, हे रिफ्यूज. लाडू गायब झाल्यावर 'मी नाही खाल्ला' म्हणणं, हे डिनाय. पहिल्यात लाडू ताटात असतो, दुसऱ्यात तो कोणाच्या तरी पोटात गेलेला असतो. मराठीत 'नाकारली' दोन्हीकडे चालतं आणि कोणी अडत नाही, कारण बोलणाऱ्याचं तोंड समोर असतं. समितीसमोर तुझं तोंड नव्हतं, माझा कागद होता.

आणि कागद म्हणत होता की मंगळवारी तू सही डिनाय केलीस. डिनाय करायची तर सही आधी असावी लागते. मग समितीने तुला तोंडी विचारलं, मंगळवारी कागदावर सही होती का? तू म्हणालीस, नव्हती, रकाना कोरा होता. झालं. लेखी एक, तोंडी दुसरं. प्रमुखांची चौकशी बाजूलाच राहिली आणि निकालात तुझ्या नावापुढे 'विसंगत व असत्य निवेदन' असा शेरा बसला. मी बाहेर बाकावर बसले होते. तू दार उघडून आलीस आणि माझ्याकडे बघत उभी राहिलीस. मला वाटलं, धक्का बसलाय.

एवढंच असतं तर शब्दाची चूक झाली म्हणून तुझे पाय धरले असते. पुढचं जास्त वाईट आहे.

अपिलाला तीस दिवस होते. अकराव्या दिवशी माझा परिचारिकांचा वर्ग होता. परदेशी नोकरीसाठी इंग्रजी शिकणाऱ्या बायका, दिवसभराची ड्यूटी करून यायच्या आणि पहिल्या बाकावर बसून पेंगायच्या. मी त्यांच्याशी बाबांचाच खेळ खेळायचे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बाई, पन्नाशीच्या, त्यांनी वाक्य केलं, 'द पेशंट डिनाइड द मेडिसिन.' मी फटकन म्हटलं, "छे! रिफ्यूज्ड. औषध घ्यायला नकार दिला तर रिफ्यूज. औषध घेतलंच नाही असं सांगितलं तर डिनाय." बाई म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे माझ्या रिपोर्टवरून पेशंट खोटारडा ठरला की!" सगळा वर्ग हसला. माझा खडू फळ्यावरच राहिला. वर्ग सोडून दिला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुझ्याकडे आले. सांगायलाच आले होते, आईशपथ. रस्त्याने वाक्यं जुळवत आले. तू दार उघडलंस. स्वयंपाकघरात भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होतीस, म्हणालीस, खात्याची खोली महिन्यात सोडायची आहे. मला चहा दिलास, कान तुटलेल्या कपातून, कारण बाकीचे बांधले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालीस, "ताई, तू होतीस म्हणून निदान मांडता तरी आलं. अजून काही सांगायचंय का तुला?" मी म्हटलं, "नाही गं, सहज आले होते." चहा प्यायले आणि निघाले.

उद्या सांगू, परवा सांगू करता करता तीस दिवस निघून गेले. चुकीचं प्रमाणित भाषांतर म्हणजे परवाना रद्द, हे मला पाठ होतं. नंतर तुझ्यासमोर यायचीच भीती वाटायला लागली. तू दूरच्या गावी रंगाच्या कारखान्यात लागलीस, मी पत्ता विचारला नाही. आईच्या शेवटच्या आजारात दवाखान्याच्या जिन्यावर भेटलो, तेव्हा तू म्हणालीस, "तूही मला तसलीच समजतेस ना?" मी जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले. तुला वाटलं असेल, हिचं उत्तर 'हो' आहे. ते 'हो' नव्हतं गं. शब्दच फुटला नाही.

अशी ती चूक झाली, आणि अशी ती सांगायची राहून गेली. एकोणीस वर्षं राहून गेली. आता पाणीपुरवठ्याच्या कचेरीला कळवायचं माझ्या मनात आहे. तुझी हरकत नसेल तर. तू एक ओळ लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील, व्याकरण तपासणार नाही.

ताई

१५ जुलै

ताईस,

तिन्ही पत्रं मिळाली. पहिली दोन वाचून मी कपाटात ठेवली. तिसरं वाचून कामावर रजा टाकली, जी मी कधी टाकत नाही. रंगाच्या वाफेने आवाज बसलाय, त्यामुळे फोन केला नाहीस ते बरंच झालं.

आधी एक सांगते, तुझ्या जिवाला उगाच घोर नको. नोकरी तुझ्या शब्दाने गेली नाही. त्यांना मला काढायचंच होतं. तो शब्द मिळाला नसता तर स्वल्पविराम धरला असता त्यांनी. नोकरीचं दुःख माझं कधीच करून झालं. इथे बरं आहे. निळ्याच्या सतरा छटा मी डोळ्यांनी सांगते, यंत्राच्या आधी.

आता माझं ऐक. ऐक म्हणजे लिसन.

समितीच्या खोलीत त्यांनी तुझं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा मला 'डिनाइड' पुन्हा खटकला. बाबांच्या टेबलावर मीही बसत होते, फक्त गुण तुला मिळायचे. पण मला काय वाटलं माहीत आहे? ताईचं क्रियापद चुकत नाही. सगळ्या जगाचं चुकेल, ताईचं नाही. मग तिने डिनाय लिहिलं ते का लिहिलं? एकच उत्तर निघत होतं. तिला वाटतंय की मी सही केली आणि आता अंगाशी आल्यावर कानांवर हात ठेवतेय. तिला जे खरं वाटलं तेच तिने बरोबर इंग्रजीत लिहिलं. दार उघडून मी तुझ्याकडे बघत उभी राहिले ती त्यासाठी. मी तुझ्या तोंडावर ते शोधत होते.

तू चहाला आलीस त्या दिवशी मुद्दाम विचारलं, अजून काही सांगायचंय का. तू 'सहज' म्हणालीस. जिन्यावर तर सरळच विचारलं, तू कठड्याकडे बघितलंस. एकोणीस वर्षं मी हे धरून बसले की माझ्या सख्ख्या बहिणीने मला खोटी ठरवलं, आणि तेही विचारपूर्वक, योग्य शब्दात. तुझं इंग्रजी कच्चं असतं तर मी सुखी झाले असते.

म्हणून तिसऱ्या पत्रात 'लिहायला हवं होतं रिफ्यूज्ड' हे वाचलं आणि मी हसायला लागले. एकटीच, मोठमोठ्याने. मग रडले. ताई चुकली होती! नुसती चुकली होती! शेजारीण येऊन विचारून गेली, सगळं ठीक आहे ना.

पण मी रागावलेही आहे, आणि तो राग शिळा नाही, ताजा आहे. तुझं पत्र मी चारदा वाचलं. 'चूक झाली.' 'सांगायची राहून गेली.' 'तीस दिवस निघून गेले.' 'शब्द फुटला नाही.' चूक काय आपली आपण चालत आली? तीस दिवस काय तुला विचारून निघाले? इंग्रजी क्रियापदांत एवढी तरबेज तू, आणि मराठीत तुला झाली आणि केली यातला फरक कळेना? राहून गेलं नाही, ताई. तू सांगितलं नाहीस.

आणि एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस. टाइप केलेला कागद तू मला दाखवलास तेव्हा मी विचारलं होतं, "ताई, इथे रिफ्यूज नको का?" तुला आठवत नाही असं म्हणू नकोस.

कचेरीला कळवायचं की नाही, ते माझ्या हरकतीवर टाकू नकोस. तुझा शिक्का, तू बघ.

शंका

२३ जुलै

शंके,

आठवतं. अगदी तू कुठल्या खुर्चीवर बसली होतीस तेही आठवतं. २ जुलैच्या पत्रात मी ते लिहिलं होतं. मग ते पान काढून दुसरं लिहिलं. तू विचारलंस, "इथे रिफ्यूज नको का?" आणि मी म्हटलं, "तुला पाण्यातलं कळतं, मला शब्दांतलं. कायद्याच्या कागदात असंच लिहितात." कायद्याच्या कागदात कसं लिहितात ते मला ठाऊक नव्हतं. मी डिक्शनरी उघडलीसुद्धा नाही. नवा शिक्का हातात होता आणि धाकट्या बहिणीने शंका काढली, याचाच मला राग आला. लहानपणचा तोच राग. तू नुसती मान हलवलीस आणि सही केलीस.

तुझं पत्र आल्यापासून मी माझी तिन्ही पत्रं मनातल्या मनात तपासतेय. माझं प्रत्येक वाक्य असं आहे की त्यात करणारी सापडत नाही. लोकांच्या कागदांत असं आलं की मी शेरा मारते, कर्ता कोण? स्वतःच्या कागदात मी तो इतक्या सफाईने लपवला की मलाही दिसला नाही. दिसला नाही हेही खोटं. दिसत होता.

तुला मी खोटी समजले नाही. एक दिवसही नाही, एक क्षणही नाही. तू सही केली नाहीस हे मला तू सांगण्याआधीपासून माहीत होतं, कारण ज्या मुलीने आरशावरून बाबांना निरुत्तर केलं ती 'पिण्यास योग्य'वर विचारल्याशिवाय सही करेल कशी? हे मी तुला जिन्यावर सांगायला हवं होतं. तीन शब्द होते, 'तू खरी आहेस.' मी भ्याले आणि ते तीन शब्द गिळले. माझ्या परवान्यासाठी मी तुला एकोणीस वर्षं त्या कल्पनेसोबत एकटी सोडली. तुझ्या मनात ही कल्पना आहे हे मला माहीत नव्हतं, पण मी विचारलं कुठे?

परवान्याचं मंडळ आणि पाणीपुरवठ्याची कचेरी, दोन्हीकडे पाठवायचं म्हणून मी निवेदन लिहिलं आहे. भाषांतरकारांच्या संघटनेने माझ्या निवृत्तीला हारतुरे आणि भाषणं ठरवली होती. मी नको म्हणून कळवलं. कारणही कळवलं. अध्यक्षांचा फोन आला होता, "बाई, इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरता? कोणाला पत्ता लागणार आहे?" मी म्हटलं, माझ्या बहिणीला लागलाय.

निवेदन मराठीत आहे. त्यांना इंग्रजी प्रत लागेल. नियमाप्रमाणे मला माझ्या स्वतःच्या निवेदनाचं भाषांतर करता येत नाही, आणि नियम नसता तरी मी केलं नसतं. इंग्रजी तू कर. प्रमाणित करायला तुमच्या गावातल्या कोणाचाही शिक्का चालेल, शब्द मात्र तुझे हवेत. तू जे क्रियापद घालशील त्याखाली मी सही करीन, वाचून, आणि शंका न काढता.

निवेदन असं आहे:

'एकोणीस वर्षांपूर्वी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतील एका परीक्षक महिलेच्या निवेदनाचे इंग्रजी भाषांतर मी केले. त्या माझ्या धाकट्या भगिनी आहेत. त्यांनी खोट्या अहवालावर सही करण्यास नकार दिला होता आणि मराठीत तसेच लिहिले होते. मी इंग्रजीत चुकीचे क्रियापद लिहिले. त्यांनी त्याच वेळी मला विचारले होते. मी त्यांना गप्प केले. समितीने माझ्या शब्दावरून त्यांचे निवेदन असत्य ठरवले. अकरा दिवसांनी मला माझी चूक कळली. अपिलाची मुदत संपली नव्हती. मी सांगितले नाही. परवाना जाईल या भीतीने सांगितले नाही. माझी बहीण खरे बोलत होती, आणि हे मला तेव्हाही माहीत होते.'

ताई